पितळी पंपाचं वर्ष

आमच्या घरात सकाळी कोण उठलं हे ओळखायला डोळे उघडावे लागत नसत. माय उठली की चुलीतली राख खरवडल्याचा आवाज यायचा, बाबा उठले की विहिरीवरच्या कप्पीचा, आणि सुदामकाका उठले की पितळी पंपाला घातलेल्या शिव्यांचा. सुदामकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. बगिच्यातली सगळी फवारणी त्यांच्याकडे होती. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "या पंपासंगच लागलं बाप्पा माह्यं लग्न. रोज भांडण, आन् सोडचिठ्ठी देता येत नाई." पंप पाठीवर घ्यायचा होता. दोन्ही खांद्यांना पट्टे, एका हातात खालीवर करायचा दांडा, दुसऱ्या हातात लांब नळी आणि नळीच्या टोकाला बारीक छिद्राचं नोझल. नीट चालला तर त्याच्यासारखा गोड आवाज नाही. आधी दांड्याचं खटक-खटक, मग नोझलमधून सूंऽऽ करत निघणारं धुकं. तो आवाज घरापर्यंत यायचा आणि माय भाकर थापता थापता म्हणायची, "आज बरी आहे वाटते माह्यी जाऊ."

गाव परतवाड्याच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला. घरामागं संत्र्याचा बगिचा आणि बगिच्याच्या कडेला कलमांचे वाफे. जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाला चीर देऊन बाबा त्यात संत्र्याचा डोळा भरायचे. त्यांचा चाकू बोटाएवढा होता. तो चालवताना ते बोलत नसत, आणि चाकू ठेवल्यावरही फारसं बोलत नसत. आमच्या घरातलं बोलणं मायनं आणि काकांनी वाटून घेतलं होतं. माझी धाकटी बहीण शशी त्या दोघांचं उरलेलं बोलायची. मी बाबांवर गेले असं सगळे म्हणत.

त्या उन्हाळ्यात मी मॅट्रिकला गणितात नापास झाले. बाकी सगळ्या विषयांत बरी होते, गणितात मात्र आपटले. माझ्या वर्गातल्या मुली पुढं शिकायला निघाल्या, कोणी अमरावतीला, कोणी अकोल्याला मावशीकडे. त्यांच्या ट्रंका जीपच्या टपावर चढताना मी वेशीपर्यंत जाऊन पाहिल्या. निकाल सांगितला तेव्हा बाबा वाफ्यात उकिडवे बसले होते. त्यांनी मान वर केली, म्हणाले, "बरं," आणि पुन्हा खाली पाहायला लागले. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. त्या 'बरं'चा अर्थ लावण्यात माझा सगळा उन्हाळा गेला. मायनं मात्र सरळ अर्थ लावला होता. तिनं सगेसोयऱ्यांत निरोप पाठवले, की पोरगी घरीच आहे, स्थळ असलं तर सांगा. मला ती पातोडीची भाजी शिकवायला लागली. बेसनाच्या वड्या पाडायच्या, रस्सा वेगळा उकळायचा, वाढायच्या वेळी वड्या सोडायच्या आणि वरून मूठभर सांबार चिरून घालायचा. पुण्याकडच्या माझ्या सुनेला मी पहिल्यांदा बाजारातून सांबार आणायला सांगितलं, तर ती इडलीवाल्याकडे निघाली होती. आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे तिला तेव्हा कळलं.

पाऊस सुरू झाला आणि पंप बिघडला. फवारताना काकांची पाठ भिजायला लागली. दांडा दाबला की पाणी नळीत जायचं सोडून दांड्याच्या कडेनं वर यायचं. नोझलमधून धुक्याऐवजी टपोरे थेंब पडायचे. काकांनी पंपाला लाथ मारली, नोझल तोंडात धरून फुंकलं, बाभळीचा काटा खुपसून त्याचं छिद्र साफ केलं आणि शेवटी पंप गुरांच्या कोठ्यातल्या खुंटीला टांगून ते बिडी ओढत बसले. परतवाड्याच्या दुकानात दुरुस्तीला आधीच पंपांची रांग होती. दुकानदार म्हणाला होता, पोळ्याच्या आधी होत नाही.

दुपारी घर निजलेलं असताना मी तो पंप खुंटीवरून काढला. मोठं काही करायचं मनात नव्हतं. हाताला काम हवं होतं, आणि पातोडीचा कंटाळा आला होता. वरचं टोपण फिरवून दांड्याची सळी ओढली तर तिच्या टोकाला चामड्याची एक वाटी निघाली. ती पाहून मला गावातली हापशी आठवली. आमच्या चौकातली हापशी बिघडली की दुरुस्तीवाले आतली सळई वर ओढायचे आणि तिच्या टोकाची अशीच वाटी बदलायचे. आम्ही घागरी घेऊन बाजूला उभ्या असायचो. त्या वाटीला ते वायसर म्हणायचे. हापशीचा वायसर ओला आणि फुगलेला असायचा, हा मात्र उन्हाळाभर कोरडा टांगून वाळला होता, कडा आत वळल्या होत्या, सुकलेल्या बोरासारखा झाला होता. म्हणजे तो नळकांड्याच्या भिंतीला चिकटतच नव्हता. पाणी त्याच्या बाजूनं निसटून वर येणारच.

मी एका वाटीत फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल घेतलं आणि वायसर त्यात बुडवून ठेवला. मायला ते तेल संध्याकाळी सापडलं. "हे काय तळून राह्यली वं?" ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चामडं मऊ झालं होतं. मी अंगठ्यानं त्याच्या कडा बाहेर पसरवल्या, सळी आत घातली, दांडा दाबला, आणि दांड्यानं माझा हात उलटा ढकलला. आत दाब धरला होता. तो धक्का मला अजून तळहातावर आठवतो. नोझलचं छिद्र मात्र काट्यानं मोठं झालं होतं, ते नवंच आणावं लागलं. तेव्हापासून मी काकांना सांगून ठेवलं, की नोझलमध्ये काटा नाही, सुई नाही, तार तर नाहीच. खराट्याची मऊ काडी घ्यायची, आणि तोंडानं फुंकायचं नाही, ते औषध आहे.

"दुकानदार बी इतकं बोलत नाई," काका म्हणाले. पण पंप पाठीवर घेतला, पहिल्या झाडाशी गेले आणि सूंऽऽ आवाज आला तेव्हा तिथूनच ओरडले, "वहिनी, तुमची जाऊ आली वो माहेराहून!"

त्या पावसाळ्यात मी पंपाची सगळी नाडी शिकले. कोणी शिकवली नाही, पंप बिघडत गेला आणि मी खोलत गेले. त्यातलं मुख्य एकच होतं. दांडा जड लागला तर पुढं काहीतरी अडलं आहे, म्हणजे नोझल, नळी किंवा मुठीतली गाळणी. दांडा हलका लागला तर आतून दाब निसटतो आहे, म्हणजे वायसर किंवा झडपेची गोळी. पाठ भिजली तर वायसर. टाकीत गुडगुड वाजलं तर खालची गोळी, कारण दाबलेलं पाणी पुन्हा टाकीतच परतत असतं. संध्याकाळी काम संपलं की टाकी साध्या पाण्यानं धुवायची, थोडं स्वच्छ पाणी दांडा मारून नळीतून काढून टाकायचं आणि पंप उलटा ठेवायचा. अकोल्याच्या आमच्या सोसायटीत आज गच्चीवरच्या कुंड्यांसाठी सगळ्यांकडे ते लहान प्लास्टिकचे हातपंप आहेत. बंद पडला की लोक नवा आणतात. काही जण मात्र "काकू, जरा बघता का" म्हणत माझ्या दारात येतात. चामड्याची वाटी जाऊन आता रबरी कडं आलं आहे, पण वाळायचं ते तसंच वाळतं, आणि तेलाचं बोट लावलं की तसंच जिवंत होतं.

औषधही मीच कालवायला लागले. झाडाला डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, लागू नये, फळगळ थांबावी म्हणून मोरचूद आणि चुना एकत्र करून फवारायचा. एका मडक्यात मोरचूद, दुसऱ्यात चुना, दोन्ही पाण्यात विरघळले की एकदम तिसऱ्यात ओतायचे आणि जुन्या धोतरातून गाळायचे. लोखंडी बादली चालत नाही. चुना कमी पडला का हे पाहायला बाबा आपल्या चाकूचं पातं त्यात बुडवायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा राहिला, झाडाची पानं भाजणार, अजून चुना घाल. काका हे सगळं अंदाजानं करायचे आणि गाळायचा कंटाळा करायचे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. त्यानं माझी नखं निळी झाली. लिंबानं घासा, चिंचेनं घासा, नखांच्या कडेला निळा रंग राहायचाच. चुन्यानं हात चिरायचे ते वेगळं. आता मी मुलींना शिकवताना पहिल्या दिवशी हातमोजे घालायला लावते. तेव्हा हातमोजे फक्त दवाखान्यात पाहिले होते.

हळूहळू शेजारचे पंप आमच्या ओसरीत यायला लागले. लोक काकांच्या नावानं आणायचे, "सुदाम, तुह्या पुतनीले दाखव जरा." मला थेट कोणी विचारत नसे. न्यायला आले की मात्र दांडा मारून पाहायचे आणि खुशीत मान हलवायचे. बाबा हे सगळं वाफ्यातून पाहायचे आणि काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, त्यांना हे आवडत नसावं.

श्रावणात चांदूर रेल्वेकडच्या एका घरचं स्थळ आलं. घर चांगलं होतं, शेती होती, थोडा संत्र्याचा बगिचाही होता. मुलाचं नाव शरद. पाहायला येणार म्हणून मायनं आदल्या दिवसापासून घर सारवून घेतलं. पाहुणे दुपारी येणार होते. त्याआधी कितीतरी दिवस झडी लागली होती, बगिच्यात रोज सकाळी झाडांखाली गळलेल्या हिरव्या फळांचा सडा दिसायचा. नेमकी त्या सकाळी उघाड पडली. काका म्हणाले, आज फवारलं नाही तर उद्या फवारायला फळ राहणार नाही. म्हणून मी पहाटेच औषध कालवून दिलं, आंघोळीला बसणार तोच अंगणात जीप वाजली. पाहुणे सकाळीच आले होते. आभाळाचा भरवसा नाही म्हणून पहिल्या गाडीनं निघाले, असं म्हणाले.

मायनं मला मागच्या दारानं आत ओढलं. आपलं जरीकाठी लुगडं नेसवलं, केस विंचरले आणि हात घासघासून धुतले. रंग काही निघाला नाही. "मुठी झाकून बस," ती म्हणाली. चहाचा ट्रे हातात असताना मुठी कशा झाकायच्या हे काही तिनं सांगितलं नाही.

ओसरीत शरदचे वडील बसले होते, त्यांना सगळे नानाजी म्हणत. शेजारी शरदची आत्या आणि कोपऱ्यात शरद. मी चहा दिला, पाटावर बसले. आत्याबाईंनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं. मायनं "दहावीपर्यंत" असं सफाईनं सांगितलं. मग आत्याबाईंची नजर माझ्या हातांवर गेली.

"काय वं पोरी, नखं काहून निळे तुह्ये?"

मी काही बोलायच्या आत माय म्हणाली, "कपड्यायले नीळ देत होती सकाळी. लय कामाची आहे पोरगी."

आत्याबाईंचं समाधान झालं. त्या पुढचं विचारणार, एवढ्यात बगिच्यातून काकांची आरोळी आली. पाहुणे आल्याचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"पमे! ओ पमे! पंप मेला वं! दांडा नुसता हलका लागून राह्यला! आभाय येऊन राह्यलं, लवकर ये!"

मायनं डोळे मिटले. नानाजींनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "कोन पमी?"

मी खाली पाहत होते. मला खात्री होती, आता बाबा म्हणणार की शेजारची आहे कोणी, किंवा काहीच म्हणणार नाहीत. पण बाबा बोलले.

"हेच. प्रमिला," ते म्हणाले. "आन् थे कपड्यायची नीळ नाई, नानाजी. मोरचूद आहे. औषध तिनंच कालवलं सकाळी. आमचा पंप तिच्याच हातानं चालते. गावातलेबी बरेच चालते." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "जाय. पाहून ये."

"अवो, पावने बसले ना!" माय कळवळून म्हणाली.

"पावने बसतीन," बाबा म्हणाले. "आभाय बसत नाई."

मी उठले. लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि विहिरीकडे गेले. मागं पावलं वाजली म्हणून पाहिलं तर नानाजी, शरद आणि बाबा तिघंही येत होते, आत्याबाई चिखलातून जपून पाय टाकत त्यांच्या मागं, आणि सगळ्यांत शेवटी माय. पश्चिमेकडे आभाळ काळं झालं होतं. काका झाडाखाली पंप पाठीवर घेऊन उभे होते. एवढी माणसं पाहून त्यांचं तोंड उघडं राहिलं.

"दांडा मारा," मी म्हणाले.

त्यांनी दांडा मारला. हलका होता, आणि टाकीत गुडगुड वाजलं. काकांची पाठ कोरडी होती. म्हणजे वायसर नाही, खालची गोळी. मी पंप उतरवून घेतला, औषध मडक्यात परत ओतलं आणि खालची झडप खोलली. शरद न सांगता पुढं आला आणि त्यानं टाकी तिरपी धरली. झडपेतून गोळी तळहातावर पडली तेव्हा मी चमकले. मला माहीत असलेली गोळी पिवळ्या धातूची होती, बोराएवढी, गुळगुळीत. ही तांबूस झाली होती, खरबरीत, जागोजागी खड्डे पडलेली.

"काका, हे गोळी कोनाची?"

काकांनी कान खाजवला. "थे जुनी धुताना विहिरीत पडली. म्या ट्रकच्या बेरिंगमधली टाकली. इतके दिवस चालली ना मंग?"

बेरिंगची गोळी पोलादाची. मी ती बाबांकडे दिली. त्यांनी बोटात फिरवून पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, कारण चाकूच्या पात्यावर चढणारा तांबूस थर त्यांना माझ्यापेक्षा जुना ओळखीचा होता. मोरचूदानं लोखंड खाल्लं होतं. गोळी वाकडीतिकडी झाली, झडपेच्या खळग्यात नीट बसेना, दाब निसटला. पण कळून काय उपयोग? दुसरी गोळी परतवाड्याला, आणि पाऊस डोक्यावर. लोखंड नको, बोराएवढं हवं, गोल हवं, औषधानं खाल्लं जाऊ नये. मी उभी राहून विचार करत होते आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मग मला काच सुचली, शशीच्या खेळायच्या गोट्यांची.

"शशी," मी म्हणाले, "तुह्ये कंचे आन."

शशी मायच्या मागं लपली होती. "नाई देत," ती म्हणाली.

"देतं का नाई पोट्टे!" काका गरजले, तेव्हा ती रडत घरात गेली आणि डबा घेऊन आली. मी कंचे एकेक करून खळग्यात ठेवून पाहिले. एक मोठा झाला, एक थोडा सैल बसला, एक हिरवा बारका अगदी बरोबर बसला. त्यावर पाणी ओतून पाहिलं, खाली थेंबसुद्धा उतरला नाही. झडप आवळली, टाकी भरली, काकांनी दांडा मारला, आणि चौथ्या-पाचव्या दणक्याला नोझलमधून धुकं सुटलं. आत्याबाई "अगं माय" म्हणत मागं सरल्या, त्यांच्या पातळावर निळे ठिपके उठले होते. काका पंप घेऊन झाडांकडे धावतच सुटले.

शरद टाकी धरलेल्या आपल्या हातांकडे पाहत होता. त्यांनाही थोडा निळा रंग लागला होता. तो हळूच म्हणाला, "म्हंजे आमच्या पंपाच्या गोळ्या बी अशाच खराब होत असतीन. आमी दरवेळी वायसरच बदलत बसतो." तेवढंच तो त्या दिवशी बोलला. मला तो माणूस बरा वाटला, हे मी लपवत नाही.

नानाजी तर खुशच झाले होते. जेवताना त्यांनी पातोडीचं कौतुक केलं, पण बोलणं सगळं पंपाचंच. "आमच्या कोठ्यात पंपायचा ढीग पडला आहे, भाऊ," ते बाबांना म्हणाले. "पोरगी आमाले पसंद आहे. अशी सून कुठी भेटते? घरचं मेकॅनिक घरी." आत्याबाईंनाही आता पातळावरच्या ठिपक्यांसकट मी पसंत होते. माय दारामागं उभी राहून मला खुणा करत होती, तिचे डोळे भरले होते. बाबा म्हणाले, "विचार करून कळवतो." पाहुणे निघाले तोवर पावसाला सुरुवात झाली होती, पण काकांचं फवारून झालं होतं आणि औषध पानांवर वाळलं होतं.

पाऊस उघडल्यावर बाबांनी मला वाफ्याकडे बोलावलं. ते कलमांमधलं तण काढत होते. मी शेजारी बसून काढायला लागले.

"लोकं वाईट नाईत," बाबा म्हणाले. "पोरगा बी चांगला आहे. पन त्यायले पंपवाली पायजे. तुले काय पायजे थे सांग."

असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मुळात त्यांना उत्तर ऐकायचं असेल असंही कधी वाटलं नव्हतं. मी म्हणाले, "मले पुन्हा परीक्षेले बसायचं आहे, बाबा."

"गनिताच्या?"

"हाव."

"येईन?"

"आता तं येत नाई. पन कुठी अडते थे पाहतो ना मी. आतालोक पाहतच नव्हतो, नुसतं रडत होतो."

बाबांनी हातातलं तण बाजूला टाकलं. "म्या शाळेत फार गेलो नाई," ते म्हणाले. "तू नापास झाली तवा तुले काय म्हनाव थे मले समजलं नाई. म्हनून बोललो नाई. तुले वाटलं असीन, बापाले राग आला." मी मान हलवली. "राग नोता," ते म्हणाले, आणि उठून घराकडे गेले. मी तिथंच बसून रडले, पण ते रडणं चांगलं होतं.

चांदूर रेल्वेला बाबा स्वतः जाऊन आले. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही. नानाजी रागावले नाहीत एवढं खरं, कारण पुढच्याच आठवड्यात जीपच्या टपावरून त्यांचे दोन पंप दुरुस्तीला आले. माय मात्र पुष्कळ दिवस माझ्याशी तुटक बोलली. "कंच्यानं स्थळ घालवलं," असं ती शेजारणींना सांगायची. शरदचं पुढं चांगल्या मुलीशी लग्न झालं. बऱ्याच वर्षांनी अमरावतीत एका लग्नाच्या पंगतीत तो भेटला, केस पांढरे, सोबत बायको. तिला म्हणाला, "ह्या त्या काचेच्या गोळीवाल्या." ती मनापासून हसली आणि मला आग्रहानं जिलेबी वाढली.

गणित मी मॅट्रिकच्या पुस्तकापासून सुरू केलंच नाही. मागं मागं जात राहिले आणि कळलं, की मी अडले होते ते अपूर्णांकांत, पार सहावीच्या पुस्तकात. त्यापुढचं सगळं मी पाठ करून रेटलं होतं. शशीचीच पुस्तकं घेतली. कंचा गेल्याचा वचपा काढत ती मला पुस्तकं रोज थोडा वेळच द्यायची. काका बांधावर बसून मला गणितं घालायचे, स्वतःला उत्तर येत नसलं तरी "चूक!" म्हणून पाहायचे, आणि मी डगमगले नाही तर खुश व्हायचे. ऑक्टोबरात परीक्षा दिली आणि पास झाले. फार गुण नव्हते, पण पास झाले. अमरावतीला यंत्रदुरुस्तीच्या अभ्यासक्रमाला मुलींनाही घेतात असं काकांना परतवाड्याच्या त्या पंपवाल्या दुकानदारानं सांगितलं. पुढं मी तेच शिकले आणि अकोल्यात नोकरीभर तेच शिकवलं.

अमरावतीला सोडायला बाबा आले. मायनं रात्रीच दशम्या करून ठेवल्या होत्या. निघताना तिनं मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाली, "खुशाल राह्य." परतवाड्याच्या स्टँडवर एसटीला गर्दी होती. मला खिडकीजवळ जागा मिळाली, बाबा शेजारी बसले, ट्रंक पायांशी. मला वाटलं, नेहमीसारखा सगळा रस्ता गप्प जाणार. गाडी गावाबाहेर पडली आणि कंडक्टर तिकीट द्यायला आला. बाबा त्याला म्हणाले, "दोन अमरावती. हे माही पोरगी. मशीनचं शिकाले चालली." कंडक्टरनं मान हलवली आणि पुढं गेला. मग बाबांनी समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईला सांगितलं. मग मागं वळून दुधाचे कॅन घेऊन बसलेल्या माणसाला. तो म्हणाला, "असं काय? कोनचं मशीन?" बाबांना ते काही नीट माहीत नव्हतं. "सगळेच," ते म्हणाले. पुढच्या थांब्याला नवी माणसं चढली, त्यांनाही त्यांनी सांगितलं. मला लाज वाटत होती, मी खिडकीबाहेर पाहत होते, पण त्यांना एकदाही थांबवलं नाही. अमरावती येईपर्यंत गाडीतल्या प्रत्येकाला ते माहीत झालं होतं.